जाते कुठे? : सोड्याच्या सव्वादोनशे वर्षांचा हिशेब

मराठी घरात सोडा दोन ठिकाणी सापडतो. खाण्याचा सोडा स्वयंपाकघराच्या फळीवर आणि धुण्याचा सोडा मोरीत. बडोद्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आमच्यासारख्या घरांत मात्र खाण्याच्या सोड्याला आणखी एक नाव आहे. वाण्याकडे गेले की आम्ही सरळ 'साजीनां फूल' मागतो. हा 'साजी' म्हणजे आपला सज्जीखार. खारवट जमिनीत वाढणारी झुडपे जाळायची, त्यांची राख पाण्यात कालवायची, आणि वरचे पाणी आटवून खार काढायचा, ही त्याची जुनी रीत. पापडखारही मूळचा त्याच कुळातला. आज पुडीतला पदार्थ कारखान्यातून येतो. झुडूप, राख आणि आटवण केव्हाच मागे पडली. पण दोन भाषांत वावरणाऱ्या माणसांना एक फायदा असतो. एका भाषेने टाकून दिलेली आठवण दुसरीने जपलेली असते.

आपल्या विदर्भातल्या लोणार सरोवराचे पाणीही सोड्याचेच. उन्हाळ्यात पाणी ओसरले की काठावर खाराचे थर उरत, आणि दल्ला, पापडी, भुसकी अशा नावांनी त्यांची प्रतवारी होई. साबणाला आणि काचेला लागणारी द्रव्ये लोणारच्या परिसरात मिळतात, अशी नोंद अबुल फझलच्या 'ऐन-इ-अकबरी'तही आहे. म्हणजे सोडा काही साहेबाने आणलेली वस्तू नव्हे. साहेबाने आणला तो सोडा करण्याचा कारखाना. आणि त्या कारखान्याबरोबर आणखी एक गोष्ट आली, ती म्हणजे सोडा काढून झाल्यावर मागे उरणारा ढीग. या लेखात मला त्या ढिगाची हकीकत सांगायची आहे. रसायनशास्त्राच्या पुस्तकांत सोड्याला दोन पाने मिळतात आणि ढिगाला एक ओळ. मी उभी हयात ती पुस्तके शिकवली, म्हणून हे खात्रीने सांगतो.

*

अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात कापड, काच, साबण आणि कागद यांचा खप भराभर वाढला. चारही धंद्यांना सोडा हवा. तो येई स्पेनमधल्या झुडपांच्या राखेतून आणि स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचे समुद्रशेवाळ जाळून. मागणीपुढे ही राख पुरेना. समुद्राच्या मिठापासून सोडा करून दाखवणाऱ्यासाठी फ्रान्समध्ये १७८३ साली बक्षीस जाहीर झाले. निकोला लब्लां नावाच्या वैद्याने ते कोडे सोडवले. तो ऑर्लेआंच्या ड्यूकच्या पदरी होता. १७९१ मध्ये त्याला पेटंट मिळाले आणि पॅरिसजवळ सँ-द्नी येथे कारखाना उभा राहिला. पण तो काळ राज्यक्रांतीचा. १७९३ मध्ये ड्यूकचे डोके उडवले गेले, कारखाना जप्त झाला, आणि पद्धतीचे गुपित सर्वांसाठी खुले केले गेले. पुढे नेपोलियनच्या अमदानीत कारखाना परत मिळाला, पण तो चालवायला हाती पैसा नव्हता. बक्षीसही पदरात पडले नाही. १८०६ साली लब्लांने स्वतःचा जीव घेतला. ज्याच्या युक्तीवर पुढे शंभर वर्षे लोक गबर झाले, तो स्वतः कफल्लक मेला.

त्याची पद्धत घरगुती भाषेत अशी : मिठावर गंधकाम्ल ओतायचे. त्यातून एक नवा क्षार होतो आणि हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ उडते. तो क्षार चुनखडी आणि कोळशाबरोबर भट्टीत भाजायचा. काळी राख मिळते. ती पाण्यात भिजवली की सोडा पाण्यात उतरतो आणि खाली काळा गाळ राहतो. या गाळात चुना आणि गंधक एकत्र बांधलेले असतात. हवापाणी लागले की त्यातून कुजक्या अंड्याचा वास सुटतो.

आता हिशेब पाहा. आठ टन सोडा काढला की साडेपाच टन आम्लवायू आणि सुमारे सात टन गाळ मागे राही. म्हणजे विकायच्या मालापेक्षा टाकायचा माल दीडपट! वायू आकाशात सोडायचा आणि गाळ शेजारच्या रानात ओतायचा, हीच तेव्हाची व्यवस्था. ही काही कोणा एका मालकाची दुष्टाई नव्हती. पद्धतच तशी आखलेली होती. बक्षीस लावणाऱ्यांनी सोडा कसा करायचा एवढेच विचारले होते. उरलेल्याचे काय, हा प्रश्न परीक्षेतच नव्हता.

*

इंग्लंडात १८२५ पासून मिठावरचा कर उठला आणि तिथे ही पद्धत फोफावली. लिव्हरपूल, सेंट हेलेन्स, विडनेस, न्यूकॅसल, ग्लासगो या पट्ट्यात कारखाने उठले. त्यांच्या वाऱ्याच्या दिशेला झाडांची पाने करपत, कुंपणे सुकत, लोखंडी अवजारांना गंज चढे. शेतकरी आणि जमीनदार कोर्टात गेले. जेम्स मस्प्रॅट या कारखानदारावर इतके खटले झाले की त्याला लिव्हरपुरातला कारखाना दुसरीकडे हलवावा लागला. मग धुराडी उंच करण्याची युक्ती निघाली. ग्लासगोच्या सेंट रोलॉक्स कारखान्याचे १८४२ मधले धुराडे चारशे फुटांहून उंच होते. त्याने साधले एवढेच की जवळच्या शेताचा वायू लांबच्या शेतावर जाऊ लागला. आम्लवायू हवेहून जड आणि पाण्याचा लोभी. तो पावसाबरोबर खाली यायचाच.

या काळातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट विल्यम गॉसेजची. वूस्टरशायरमधल्या त्याच्या कारखान्याजवळ एक पडीक पवनचक्की होती. त्याने तिच्या पोकळ बुरुजात काटेरी झुडपे आणि काटक्या ठासून भरल्या, वरून पाणी ठिबकत सोडले आणि खालून आम्लवायू आत घातला. वायू काटक्यांतून वाट काढत वर चढला आणि ओल्या काटक्यांनी तो जवळजवळ सगळा पिऊन टाकला. १८३६ मध्ये त्याने याचे पेटंट घेतले. आजच्या रासायनिक कारखान्यांत वायू धुणारे जे उंच मनोरे दिसतात, त्यांचा पूर्वज ही काटक्यांनी भरलेली पवनचक्की. उपाय असा स्वस्त आणि सोपा होता. तरीही पुढची पंचवीस-सव्वीस वर्षे बहुतेक मालकांनी तो नीट वापरला नाही, कारण वायू सोडून देणे त्याहूनही स्वस्त होते.

शेवटी कायदा करावा लागला. १८६३ च्या अल्कली कायद्याने प्रत्येक कारखान्याला आम्लवायूपैकी निदान ९५ टक्के पकडण्याची सक्ती केली. पहिला निरीक्षक नेमला गेला तो रॉबर्ट अँगस स्मिथ, हाडाचा रसायनज्ञ. आज आपण सर्रास वापरतो ती 'आम्ल पाऊस' ही संज्ञा रूढ केली ती यानेच. त्याचा हवा आणि पावसावरचा ग्रंथ १८७२ चा. स्मिथची काम करण्याची तऱ्हा दंडुक्याची नव्हती. कारखान्यात जायचे, मोजमाप घ्यायचे, कुठे गळते ते मालकाला दाखवायचे आणि ते कसे थांबवायचे तेही सांगायचे. थोड्याच काळात बहुतेक कारखाने ९५ टक्क्यांच्या पुढे गेले. 'जमत नाही' म्हणून जे पंचवीस वर्षे अडले होते, ते कायद्याची तारीख ठरताच जमले!

पण पकडलेले आम्ल गेले कुठे? नाल्यात आणि नदीत. हवा थोडी निवळली आणि पाणी नासले. मालकांच्या दारात आता आम्लाचा पूर आला. तेव्हा कुठे त्यांच्या रसायनज्ञांना वाटू लागले की याचे काहीतरी करायला हवे. १८६० च्या दशकात वेल्डन आणि डीकन यांनी आम्लातून क्लोरीन काढण्याच्या कमी खर्चाच्या रीती बसवल्या. क्लोरीन चुन्यात मुरवला की ब्लीचिंग पावडर होते, आणि कापड व कागद पांढरा करायला ती लागतेच. काल जे नाल्यात ओतत होते, त्यावरच आज कारखान्याचा नफा उभा राहिला. गाळातले गंधक परत मिळवण्याची चान्स यांची पद्धत १८८० च्या दशकाच्या अखेरीस आली. तिचा आधार असलेली क्लाउसची भट्टी सुधारलेल्या रूपात आजही खनिज तेलाच्या शुद्धीकरण कारखान्यांतून गंधक काढते.

येथवरची कथा उरलेल्या मालाला कामाला लावण्याची. ती मोलाची आहे. पण मूळ पद्धत तीच, भट्टी तीच. शेपटाला लगाम घातला, तोंडाला नाही.

*

तोंडाकडून सुरुवात केली ती बेल्जियमच्या अर्नेस्ट सॉल्व्हेने. जन्म १८३८ चा. आजारपणामुळे विद्यापीठात जाता आले नाही, म्हणून तो काकाच्या गॅस कारखान्यात लागला. दगडी कोळशाचा गॅस धुतलेल्या पाण्यात अमोनिया असतो. त्या पाण्याशी खटपट करताना त्याला दिसले की अमोनिया मुरवलेल्या मिठाच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडला की खाण्याचा सोडा तळाशी बसतो. तो भाजला की धुण्याचा सोडा. १८६१ मध्ये त्याने पेटंट घेतले. नंतर कळले की ही क्रिया अर्धशतकापूर्वीच माहीत होती आणि अनेकांनी तिच्यापायी हात पोळून घेतले होते. अमोनिया महाग, आणि तो सगळ्या सांध्यांतून निसटे. किलोभर सोड्याला जितका अमोनिया उडे, तितक्यात धंदा बुडे.

सॉल्व्हेचे मोठेपण नवी क्रिया शोधण्यात नाही. काही निसटू न देणारी मांडणी त्याने बसवली, त्यात आहे. उंच मनोऱ्यात वरून मिठाचे पाणी उतरते, खालून वायू चढतो, आणि दोघांची गाठ सतत पडत राहते. चुनखडी भाजून कार्बन डायऑक्साइड मिळवायचा. उरलेल्या कळीच्या चुन्यानेच कामाला लावलेला अमोनिया सोडवून पुन्हा मनोऱ्यात पाठवायचा. मीठ आणि चुनखडी यांचे सरळ जुळत नाही. अमोनिया दोन्ही घरी जातो, लग्न जुळवतो आणि मध्यस्थासारखा रिकाम्या हातांनी परत येतो, पुढच्या लग्नासाठी. गंधकाम्ल लागत नाही, आम्लवायू सुटत नाही, गंधकाचा गाळ होत नाही. त्यातून कोळसाही कमी लागतो.

१८६३ मध्ये कंपनी निघाली, १८६५ पासून माल निघू लागला. १८७३ मध्ये ब्रूनर आणि मॉंड यांनी इंग्लंडात चेशायरमध्ये विनिंग्टन येथे ही पद्धत नेली. लब्लां पद्धतीचे कारखानदार १८९० मध्ये एकत्र येऊन एक मोठी कंपनी करून झगडले. ब्लीचिंग पावडरच्या जिवावर ते काही वर्षे टिकले. १९२० च्या दशकाच्या आरंभी त्यांची अखेरची भट्टी विझली. सॉल्व्हेने मिळवलेल्या पैशातून १९११ मध्ये ब्रुसेल्सला भौतिकशास्त्रज्ञांची ती प्रसिद्ध परिषद भरली. आइन्स्टाइन आणि मादाम क्युरी एका टेबलाशी बसले, तो खर्च सोड्याचा होता.

*

वर्गात मी येथे पोचलो की फळ्यावर समीकरण लिहून हात झटकत असे. एके वर्षी ओखा बाजूच्या एका मुलाने शेवटच्या बाकावरून विचारले, "साहेब, ए जाय छे क्यां?" त्याचे बोट फळ्यावरच्या कॅल्शियम क्लोराइडकडे होते. साहेब, ते जाते कुठे?

प्रश्न अगदी मर्मावर होता. सॉल्व्हेच्या पद्धतीत मिठातला सोडियम सोड्यात जातो, पण मिठातला क्लोरीन सगळाच्या सगळा चुन्याबरोबर कॅल्शियम क्लोराइड होऊन बाहेर पडतो. कागदावर मांडले तर मीठ आणि चुनखडी मिळून १०० किलो घातले की जेमतेम ४९ किलो सोडा होतो आणि ५१ किलो कॅल्शियम क्लोराइड. शिवाय प्रत्यक्षात मिठाचा सुमारे पाव हिस्सा क्रियेत न येता तसाच वाहून जातो. हे खारे पाणी विषारी वायूसारखे जीव घेत नाही, म्हणून शंभर वर्षे त्याकडे कोणी फारसे पाहिले नाही. अमेरिकेत सिराक्यूज शहराजवळ १८८४ पासून चाललेल्या सोडा कारखान्याने ओनोंडागा तळ्याच्या काठाला पांढऱ्या गाळाचे पसरट डोंगर उभे केले. तो कारखाना १९८६ मध्ये बंद झाला, पण डोंगर तिथेच आहेत. इटलीत रोसिन्यानो येथे कारखान्याच्या पांढऱ्या गाळाने समुद्रकिनारा इतका शुभ्र झाला की लोक तिथे सहलीला जातात आणि मालदीवचा भास होतो म्हणून छायाचित्रे काढतात.

त्या मुलाच्या प्रश्नाला एक उत्तर चीनमध्ये दिले गेले. हौ देबांग या रसायनज्ञाने सॉल्व्हे गटाने कुलपात ठेवलेली पद्धत स्वतःच्या अभ्यासाने उलगडली आणि १९३३ मध्ये ग्रंथ लिहून जगाला मोकळी केली. पुढे जपानी आक्रमणामुळे त्याच्या कंपनीला आत सिचुआन प्रांतात जावे लागले. तिथे मीठ विहिरींतून काढत, आणि ते महाग. पाव हिस्सा मीठ वाया घालवणे परवडणारे नव्हते. तेव्हा १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने वेगळी मांडणी केली. अमोनिया सोडवून परत घ्यायचाच नाही. तो मिठातल्या क्लोरीनसह अमोनियम क्लोराइड म्हणून बाहेर काढायचा आणि शेतीला खत म्हणून द्यायचा. अमोनियाच्या कारखान्यात कार्बन डायऑक्साइड आयताच उरतो, म्हणून चुनखडीची भट्टीही गेली. एकाच कारखान्यात सोडा आणि खत! अर्थात क्लोरीनचे खत सगळ्या जमिनींना आणि सगळ्या पिकांना मानवत नाही. भाताला चालते, तंबाखूला नाही. पण जे टाकायचे होते त्याला आखणीच्या वेळीच घर शोधून ठेवले, हे महत्त्वाचे.

*

त्या मुलाचे गाव ओखा बाजूचे असणे हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही. द्वारका आणि ओखामंडळ हा मुलूख बडोद्याहून शेकडो मैल दूर, पण गायकवाडांच्या संस्थानातला. पाऊस तुटपुंजा, ऊन कडक, समुद्र उशाला. मिठागराला यापेक्षा काय हवे? १८९० मध्ये बडोद्याला कलाभवन काढणाऱ्या सयाजीराव महाराजांच्या राज्यात कपिलराम वकील यांनी १९२७ च्या सुमारास तिथे मिठाचा उद्योग सुरू केला. १९३९ च्या जानेवारीत टाटा केमिकल्सची स्थापना झाली आणि मिठापूर वसले. फेब्रुवारीत महाराज वारले. त्यांना तो सोडा पाहायला मिळाला नाही.

मिठापूरला मीठ भरपूर आणि गोडे पाणी दुर्मीळ. सॉल्व्हेच्या कारखान्याला बाष्पकांसाठी गोडे पाणी लागते. या टंचाईने तिथल्या अभियंत्यांना काटकसर शिकवली. समुद्राचे पाणी तापवून वाफेचे पाणी मिळवायचे, आणि खाली राहणारे शुद्ध मीठ विकायचे. १९८३ पासून घरोघर गेलेले पुडीतले टाटा मीठ हे त्या पाण्याच्या शोधाचे अपत्य. बाहेर पडणाऱ्या गाळातला घन भाग समुद्रात न सोडता सिमेंटमध्ये घालण्याचा कारखाना १९९० च्या दशकात सुरू झाला. समोर कच्छचे आखात आहे, त्यात प्रवाळ आहेत, आणि तिथे १९८२ पासून सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. त्यामुळे 'जाते कुठे' हा प्रश्न तिथे केवळ फळ्यावरचा राहत नाही.

काळाचे चक्र कसे फिरते पाहा. ज्या ब्रूनर-मॉंडने इंग्लंडात सॉल्व्हेची पद्धत रुजवली, ती कंपनी २००६ पर्यंत टाटांच्या हाती आली. विनिंग्टनचा सोडा २०१४ मध्ये थांबला, लॉस्टॉकचा २०२५ च्या आरंभी. पण मधल्या काळात, २०२२ मध्ये, तिथल्या वीजघराच्या धुरातून वर्षाला ४०,००० टन कार्बन डायऑक्साइड पकडून त्याचा खाण्याचा सोडा करणारा प्रकल्प सुरू झाला. त्याआधी २०१६ मध्ये आपल्या तुतिकोरिन येथे, हौच्या पद्धतीसारखाच सोडा आणि खत करणाऱ्या कारखान्यात, बाष्पकाच्या धुरातून वर्षाला सुमारे ६०,००० टन कार्बन डायऑक्साइड पकडून सोड्यात घालण्याची योजना चालू झाली. गॉसेजच्या काटक्यांचा बुरूज येथे पुन्हा भेटतो. फरक इतकाच की पकडलेला वायू आता नदीत जात नाही.

*

ज्याला आज हरित रसायनशास्त्र म्हणतात त्याचे नामकरण अलीकडचे. १९९१ मध्ये बॅरी ट्रॉस्ट यांनी अणूंची काटकसर मोजायला शिकवले, पुढच्याच वर्षी रॉजर शेल्डन यांनी एक किलो मालामागे किती किलो कचरा असा रोखठोक आकडा मांडला, आणि १९९८ मध्ये अॅनास्टास व वॉर्नर यांनी बारा तत्त्वे लिहिली. पहिले तत्त्व असे की कचरा करून तो निस्तरण्यापेक्षा तो होऊच न देणे चांगले. आपल्याकडे कोल्हापूर जिल्ह्यातून आलेले डॉ. गणपती यादव यांनी मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत याच दिशेने मोठे काम उभे केले. पण नाव नसले तरी विचार जुना होता, हे सोड्याची कथा सांगते.

ही कथा मला दोन गोष्टी शिकवते. एक म्हणजे, निव्वळ सद्‌बुद्धीने कोणी बदलले नाही. गॉसेजचा उपाय पंचवीस वर्षे धूळ खात पडला, तो कायद्याने उठवला. सॉल्व्हेला महाग अमोनियाने शिकवले, हौला महाग मिठाने, मिठापूरला पाण्याच्या टंचाईने. टाकणे जोवर फुकट आहे, तोवर हुशार माणसांची हुशारी तिकडे वळत नाही. आणि ते 'फुकट' म्हणजे काय, तर त्याची किंमत विडनेसच्या शेतकऱ्याने भरलेली असते.

दुसरी गोष्ट अशी की, वाट लांब करणे म्हणजे उत्तर नव्हे. आमच्या बडोद्याच्या आसपासच्या कारखान्यांचे सांडपाणी खंभातच्या आखाताकडे नेणारा सुमारे ५६ किलोमीटरचा कालवा १९८३ पासून आहे. तो नव्हता तेव्हा ते पाणी जवळच्या नद्यानाल्यांत जाई, तेव्हा त्याची गरज नाकारता येत नाही. पण कालवा हा आडवा ठेवलेला सेंट रोलॉक्सचा धुराडाच आहे. त्याच्या काठच्या गावांना हे समजवायला रसायनशास्त्र शिकावे लागत नाही.

बेळगाव असो, इंदूर असो की बडोदे, आपल्या पुढच्या पिढीतली कितीतरी मुले औषधांच्या, रंगांच्या, खतांच्या कारखान्यांत नोकरीला जातात. त्यांना शिकवणाऱ्या माझ्या तरुण सहकाऱ्यांना माझी एक साधी सूचना आहे. समीकरण फळ्यावर लिहिले की बाणाच्या उजवीकडच्या प्रत्येक पदार्थाखाली एक मोकळी ओळ सोडा, आणि ती भरल्याशिवाय उत्तराला पूर्ण गुण देऊ नका. मुले ती ओळ मराठीत भरतील, कन्नडमध्ये भरतील, गुजरातीत भरतील. कोणत्याही भाषेत 'नाल्यात' असे लिहायला हात जरा अडखळतोच. त्या अडखळण्यातूनच पुढची आखणी सुरू होते.